भाच्याला अग्निवीर व्हायचंय, माहितगारांनी सांगावं

नमस्कार मंडळी. माझा भाचा मोहोळ तालुक्यातला, बारावी झालाय, वय १८. रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्याला पळतो. मोबाईलवर १६०० मीटरची वेळ लावलेली, खिशात रात्री भिजवलेले हरभरे. दाजी म्हणतात आयटीआय कर. बहिणीने तर जेवण सोडलंय.

मी विचारलं, "का रे, पगारासाठी का वर्दीसाठी?" म्हणाला, "मामा, गावात चार माणसांनी नावानं ओळखावं असं एक तरी काम करायचंय." याला काय उत्तर देणार? पोराची कळकळ खरी आहे, त्याला मोडता घालावासा वाटत नाही.

अग्निवीर ज्यातून भरती होतात ती सैन्याची अग्निपथ योजना २०२२ पासूनची. चार वर्षं नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ३० टक्के सेवा निधीत कापून जातात, शेवटी व्याजासह साधारण ११.७१ लाख मिळतात. पेन्शन नाही. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. एवढं वाचलंय. कागदावर नसतं ते हवंय.

इथं माजी सैनिक असतील, अग्निवीरांचे आईवडील असतील. तुम्ही किंवा तुमचा मुलगा नेमकं कशासाठी भरती झाला? ते कारण ट्रेनिंगनंतरही टिकलं का? कायम न झाल्यास पुढं काय, याची तयारी पोरं आत असतानाच कशी करतात?

आणि लेखी परीक्षा आता मैदानी चाचणीच्या आधी होते, भाच्याचं गणित कच्चं आहे. सोलापुरात लेखी आणि मैदान दोन्ही मनापासून करून घेणारं कुणी असेल तर कृपया सुचवा.