दुधनीच्या शांता आपटे: दोन तासांत काय दाखवू, काय ऐकवू?

जुई_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही बायका जमतो. कुणी पुस्तकाबद्दल बोलतं, कुणी गाणी ऐकवतं. या वेळी पाळी माझी आणि विषय ठरवलाय जुन्या काळच्या गायिका-नटी शांता आपटे. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की माझी आजी हातातलं काम टाकून म्हणायची, "ही आपल्या दुधनीची गं." लहानपणी मला ते खरंच वाटायचं नाही. दुधनी म्हणजे आमच्या लेखी अक्कलकोटच्या पुढचं, तुरीच्या बाजाराचं गाव. आजी गेल्यावर कळलं की ती बरोबर सांगत होती.

प्रोजेक्टर आहे, स्पीकर बरा आहे. नववीतल्या मुलीपासून सत्तरीच्या काकूंपर्यंत पंचवीसेक जणी येतील. बहुतेकींनी कृष्णधवल सिनेमा धड पाहिलेला नाही. सुरुवात 'गोपालकृष्ण'ने करू की 'कुंकू'ने? आणि त्यांच्या उपोषणाबद्दल बोलावं का?

रेकॉर्डप्रेमी

जुईताई, 'कुंकू'च. दुसरा विचार करू नका.

१९३७ चा सिनेमा आहे, पण त्यातली नीरा आजच्या मुलींना लगेच कळते. मामाने पैशासाठी फसवून तिचं लग्न म्हाताऱ्या, बिजवर वकिलाशी लावलंय. ती रडत बसत नाही. हे लग्न मी मानत नाही, एवढंच ती कृतीतून सांगत राहते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा त्याला छडीने फोडून काढते. तो प्रसंग दाखवाच. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेबही नीट बघा. शांताबाईंचा राग इतका खरा वाटतो, कारण समोरचा माणूस राक्षस नाही, चुकलेला म्हातारा आहे. सावत्र मुलगी सुशीला म्हणजे शकुंतला परांजपे. संततिनियमनाच्या कामासाठी पुढे ज्यांचं नाव झालं, त्याच.

एक सूचना आधीच देऊन ठेवा. दिग्दर्शक शांतारामबापूंनी या सिनेमात पार्श्वसंगीत ठेवलेलं नाही. प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच ऐकू येतात. मधे शांतता झाली की कुणीतरी स्पीकर तपासायला उठेल, म्हणून सांगतो.

सिनेमा अडीच तासांच्या घरातला आहे. पूर्ण बसणार नाही, निवडून दाखवा. पण केशवराव भोळ्यांनी स्वरबद्ध केलेली लाँगफेलोची इंग्रजी कविता गाळू नका. मराठी सिनेमातली नायिका १९३७ साली इंग्रजी कविता गाते, तीही अगदी आपल्या ढंगात.

सुरेखा_पंढरपूर

मला थोडं वेगळं वाटतं. सत्तरीच्या काकूंना थेट 'कुंकू'त नेऊ नका, आधी गाणं ऐकवा. शांताबाईंचं गाण्याचं शिक्षण आमच्या पंढरपूरच्या संगीत विद्यालयात झालं, हेही सांगा.

सुरुवात 'अमृतमंथन'पासून करा. १९३४ चा सिनेमा, प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा पहिला. मग 'अमरज्योती'तलं 'सुनो सुनो बन के प्राणी', चाल मास्टर कृष्णरावांची. ऐकवू नका फक्त, दाखवा. तेव्हा नाटकातली सवय म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून स्थिर उभं राहायचं आणि ताना घ्यायच्या. या बाईंचे हात, मान, डोळे सगळं गाण्यासोबत चालतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आवाजाआधी डोळेच लक्षात राहिले.

'गोपालकृष्ण'मधल्या त्यांच्या राधेचं एखादं गाणं मधे टाका. छोटा कृष्ण म्हणजे राम मराठे. काकू खूश होतील.

रेकॉर्डप्रेमी

सुरेखाताई, पटलं. आधी गाणी, मग 'कुंकू'.

उपोषणाचं विचारलंत. ते सांगितलंच पाहिजे, आणि गंभीरपणे सांगा. १९३९ साली करार आणि पगाराच्या वादातून त्यांनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. तेव्हा नट-नट्या स्टुडिओच्या मासिक पगारावर असायच्या, करारात बांधलेल्या. एवढ्या मोठ्या नायिकेने मालकांच्या दारात बसून हक्क मागणं लोकांना धक्काच होता. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, सिनेमाच्या धंद्यात कामगाराची काय गत होते ते सांगणारं. आपल्या सोलापुरात हे वेगळं समजवावं लागणार नाही. गिरणीचा भोंगा आणि संप ज्या घरांनी पाहिलेत, त्या बायकांना नटीसुद्धा पगारी कामगार होती हे चटकन कळेल.

बोरामणीचा_पाहुणा

आम्ही दुधनीला जातो-येतो. त्यांचे वडील स्टेशनमास्तर होते, गाण्याचा नाद असलेले. सोलापूरहून वाडी जंक्शनकडे गाडीने जाताना दुधनी लागते. कार्यक्रमात स्टेशनचा एक फोटो दाखवा की, आत्ताचा काढलेला चालेल.

जुई_जुळेसोलापूर

फोटोची कल्पना फार आवडली, या शनिवारीच जाऊन काढते. प्रभात सोडल्यानंतरचं काय? तिथे माझी माहिती संपते.

सुरेखा_पंढरपूर

तो भागही सोडू नका. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री होत्या आणि नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी! त्यासाठी तमिळ शिकल्या. नंतर लाहोरचे निर्माते पांचोली यांच्याकडे 'जमीनदार', संगीत गुलाम हैदर यांचं. १९४६ च्या मास्टर विनायकांच्या 'सुभद्रा'त वसंत देसाईंच्या चालीवर शांताबाईंबरोबर गायलीय ती तरुण लता मंगेशकर. 'मैं खिली खिली फुलवारी'. शेवटी हे लावा. एक आवाज मावळतीकडे निघालेला, एक उगवणारा, आणि दोन्ही एकाच रेकॉर्डवर.

१९६४ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. अभिनेत्री नयना आपटे त्यांच्या कन्या, हे सांगितलंत की तरुण मुलींनाही ओळख पटेल.

जुई_जुळेसोलापूर

क्रम लिहून घेतला. अमृतमंथन, अमरज्योती, राधेचं एक गाणं, मग चहा. चहानंतर उपोषण, 'कुंकू'चे प्रसंग आणि लताबाईंबरोबरचं गाणं. दुधनी स्टेशनचा फोटो सगळ्यांत आधी, आजीच्या वाक्यासकट.