तमाशाच्या फडावर एका हंगामासाठी की-बोर्डवादक म्हणून जावे का?

काळी_पाच :
नमस्कार. मी गेली नऊ वर्षे लग्नसमारंभ आणि गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रांमध्ये की-बोर्ड वाजवतो. यंदा एका मोठ्या, पूर्णवेळ फडाच्या मालकांनी दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत येण्याविषयी विचारले असून, माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढी उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही देऊ केली आहे. वादनाची मला भीती नाही. परंतु सात महिने रोज नव्या गावी उतरणे म्हणजे प्रत्यक्षात काय असते, झोप आणि जेवण कसे असते, धुळीत वाद्य टिकते का आणि उचल घ्यावी की नाकारावी, हे जाणकारांनी सांगावे. आईला ‘तमाशा’ हा शब्दच ऐकवत नाही. तो प्रश्न मी घरीच सोडवीन.

जुना_ढोलकीवाला :
मी चौदा हंगाम काढले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही ज्याला एक हंगाम म्हणता, ते खरे तर दोन वेगवेगळे संसार आहेत. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत खेळ तंबूत आणि तिकिटावर चालतो. खानदेश, मराठवाडा, विदर्भ असे फिरताना गर्दी झाली तर मालक हसतो, नाही झाली तर भटारखान्यातील कालवण पातळ होते. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या, म्हणजे ठरवून दिलेले खेळ, सुरू होतात. तेथे गल्ल्याची चिंता नसते, कारण बिदागी आधीच ठरलेली असते. मात्र विश्रांतीही उरत नाही.

यात्रेतला एक दिवस सांगतो. खेळ संपला की बिगारी स्टेज उतरवतात आणि आपण आपले वाद्य स्वतः बांधून ट्रकमध्ये चढवतो. हे काम दुसऱ्यावर कधीही सोपवू नका. पुढचे गाव शंभर किलोमीटरवर असेल, तर झोप गाडीतच होते, तीही ढोलकीच्या पिशवीवर डोके ठेवून. पुणे, नगर, सातारा या बाजूच्या पुष्कळ गावांत दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा, म्हणजे गावासमोर पुन्हा गाण्या-नाचाचा, कार्यक्रम असतो, आणि मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. अशा वेळी रात्री वाजवलेल्याच बोटांनी सकाळी, तोंडावर ऊन घेत, पुन्हा वाजवावे लागते. माझ्या पहिल्या हंगामात मी हजेरीला वाजवता वाजवता पेंगलो होतो. सरदाराने, म्हणजे फडाच्या म्होरक्याने, सगळ्या गावासमोर माझ्या नावाने टाळ्या मागितल्या, तेव्हा कुठे जाग आली.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आणि वर्षातील मोजक्या दिवशी बारापर्यंत मिळणारी सवलत यांमुळे पहाटेपर्यंत रंगणारे खेळ आता आखडले आहेत. कात्री लागली ती वगाला, म्हणजे शेवटच्या कथानाट्याला. सुरुवातीची गण-गवळण कशीबशी उरकते, रंगबाजीतील, म्हणजे मधल्या नाच-गाण्यांतील, चित्रपटगीते मात्र वाढत गेली, आणि म्हणूनच आज फडाला तुमच्या की-बोर्डाची गरज आहे. मला हे आवडत नाही, पण तुमचा त्यात काय दोष?

वाद्याविषयी इतकेच सांगतो की खरा शत्रू धूळ नसून जनरेटर आहे. तो मध्येच आचके देतो, तेव्हा पंख्यांचे काही बिघडत नाही, तुमचे अडॅप्टर मात्र जळते. स्टॅबिलायझर आणि दोन जादा अडॅप्टर स्वतःचे ठेवा. मार्गशीर्षात रात्री दव पडते, ढोलकीची पुडी (चामडे) ओल धरते आणि तिचा सूर उतरतो, म्हणून आम्ही प्रवेशापुरती ती हॅलोजनजवळ ठेवायचो. अशा रात्री ढोलकीवाला तुमच्या पट्टीशी झगडत असेल, तर त्याच्याकडे डोळे वटारून पाहू नका. मशीन तुमचे आहे, पट्टी तुम्ही सरकवा.

राहुटीकर :
मी एका फडाचे हिशेब आणि बुकिंग बघत असे. वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यात उचलीचा विषय राहून गेला. उचल म्हणजे बक्षीस नव्हे. ती तुमच्या पगारातून महिन्यागणिक कापली जाणार, आणि हंगाम अर्धवट टाकला तर उरलेली परत करावी लागणार. फडात नवीन येणाऱ्याने गरजेपेक्षा निम्मीच उचल घ्यावी, असे माझे मत आहे. मी असे कलावंत पाहिले आहेत की जे मुलीच्या लग्नासाठी एकदा उचल घेऊन बसले आणि पुढची पाच वर्षे त्यांना फड बदलता आला नाही.

मालकाची बाजूही ध्यानात घ्या. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या, म्हणजे बुकिंगचे तंबू, लागतात, यात्रा कमिट्या तेथे येऊन इसार देतात आणि तारखा ठरवतात. चैत्र पौर्णिमेला आणि कालाष्टमीला एकाच दिवशी अनेक गावांच्या यात्रा येत असल्याने त्या तिथींचा भाव चढतो, आणि पडत्या तारखांचा तोटा त्याच दोन-चार रात्रींवर भरून निघतो. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि नेमकी त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. मालकांनी कलावंतांना उचली वाटलेल्या होत्या, सुपारी मात्र एकही हाती राहिली नाही. त्यानंतर आमच्या मालकांनी दोन ट्रक विकले. तेव्हा कराराचा कागद मागा, त्यात पगार, कपातीचा हप्ता आणि आजारपणातील खाडे लिहून घ्या, आणि मालक कागदाला नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

यात्रा_कमिटी_सदस्य :
मी गावकऱ्यांच्या बाजूने लिहितो. आम्ही लोकवर्गणी काढून फड आणतो आणि उतरण्यासाठी शाळेच्या दोन खोल्या व पाण्याचा टँकर देतो. गेल्या वर्षी शंभरावर माणसांसाठी तो एकच टँकर होता, आणि पुरुष मंडळींनी आधी अंघोळी उरकल्यामुळे नाचणाऱ्या मुलींना बादलीभर पाण्यात भागवावे लागले. आम्हाला ते रात्री, खेळ सुरू झाल्यावर कळले. तुम्ही गेलात तर टँकरपाशी शेवटी उभे राहा.

काळी_पाच :
सर्वांचे आभार. निम्मी उचल आणि कागद, या दोन्ही गोष्टी उद्याच मालकांशी बोलतो. ढोलकीवाले काका, एक शंका उरते. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अनेक फडांचे तंबू शेजारी-शेजारी लागतात, असे ऐकले आहे. शेजारच्या तंबूतील आवाज आपल्या स्टेजवर आला, तर सूर कसा सांभाळायचा?

जुना_ढोलकीवाला :
तेथे सूर कानाने सांभाळता येत नाही. मॉनिटर स्वतःच्या गुडघ्याशी ओढून घ्या, गाणारीच्या तोंडाकडे पाहत राहा आणि शेजारच्या तंबूत तेच गाणे सुरू झाले, तर ढोलकीवाल्याला खूण करून पुढचे गाणे धरा. असे एका रात्रीत तीनदा तरी होते.