सूर्योदय टिपायला गेले आणि सूर्य पाठीमागून आला! (वाशी / ठाणे)

वाशीत_नवीन:
नमस्कार लोक्स. नाशिकहून वाशीला येऊन तीन महिने झालेत, हातात सेकंडहँड कॅनन आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची, फार झूम नसलेली लेन्स, आणि डोक्यात एकच खूळ की खाडीच्या पाण्यातून वर येणारा सूर्य आणि कडेला शहर असा एक तरी फोटो काढायचा. तर काल रविवारी पाचचा अलार्म लावून, आईच्या शिव्या खाऊन, वाशीच्या खाडीकाठी सागर विहारला गेले, ट्रायपॉड लावला आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. अ‍ॅपवर सूर्योदय ७:१४ दाखवत होतं. ७:१४ झाले, ७:२५ झाले, समोर नुसता उजेड. शेवटी वॉकला आलेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "बाळा, इथे लोक संध्याकाळी येतात." मागे वळून बघते तर महाराज बिल्डिंगींच्या फटीतून डोकावतायत.
हसून झालं असेल तर सांगा, पाण्यावरचा सूर्योदय इकडे मिळतो तरी कुठे? आणि जे चार फोटो आले त्यात एकतर आकाश पांढरंफटक नाहीतर बिल्डिंगी काळ्याठिक्कर, ते का?

कोपरीकर:
हसलो, पण मनापासून सांगतो :) अगं खाडी वाशी-नेरुळच्या पश्चिमेला आहे, तिथून पाण्यावर दिसतो तो सूर्यास्तच. सूर्योदय हवा तर खाडी ओलांडून आमच्याकडे ठाणे पूर्वेला ये. मीठबंदर, चेंदणी कोळीवाडा, त्या बाजूने पाणी पूर्वेला पडतं, पुढे तिवरं, होड्या आणि मागे पारसिकचा डोंगर. होड्यांच्या आसपास कोळी लोकांची सकाळची गडबड असते, आधी विचारून मग कॅमेरा काढ, कोणी नाही म्हणत नाही.
पण एक गोम आहे. अ‍ॅपवरची वेळ सपाट क्षितिजाची असते, आणि आपल्या पुढ्यात डोंगर. हात पूर्ण लांब करून अंगठा आडवा धर, त्याची जाडी साधारण २ अंश. सूर्य आपल्याकडे एक अंश चढायला चार-साडेचार मिनिटं घेतो, म्हणजे डोंगर एक अंगठा उंच दिसत असेल तर सूर्य आठ-नऊ मिनिटं उशिरा येणार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ढग आहेत समजून पॅकअप करून घरी आलो होतो, खिडकीतून बघतो तर डोंगरावर लालभडक गोळा. आणि जागा महिन्यागणिक बदलते, आत्ता जानेवारीत तो पूर्वेच्या बराच उजवीकडे म्हणजे आग्नेयेकडे उगवतो, जूनमध्ये तितकाच डावीकडे.

शटरराव:
कोपरीकरांना +१, पण सागर विहारला नावं ठेवू नका हो. पुढच्या वेळी सूर्याच्या वीसेक मिनिटं आधी जा आणि पश्चिमेलाच बघा. क्षितिजालगत एक निळसर-राखाडी पट्टा दिसतो, ती चक्क पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. सूर्य वर येतो तशी सावली खाली सरकत जाते. मग पलीकडच्या मानखुर्द-ट्रॉम्बेच्या बिल्डिंगींवर ऊन पडतं आणि तुम्ही अजून सावलीतच असता. माझा सगळ्यात आवडता फोटो तिथलाच आहे, त्यात सूर्य नाहीच.
पांढऱ्या आकाशाचं उत्तर सोपं, कॅमेरा सगळ्या फ्रेममधल्या उजेडाची सरासरी काढतो आणि सूर्योदयाला सरासरी कुणाच्याच कामाची नसते. रॉ मध्ये (जेपीजी नव्हे, कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, आकाश जळणार नाही एवढं एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली ओढा, काळोखातलं डिटेल नंतर घरी थोडंफार उचलता येतं, जळलेलं पांढरं नाही. उजाडायच्या आधी ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, शटर दोन-चार सेकंद, आणि लेन्सवरचा हादरे सावरणारा स्टॅबिलायझर बंद! बटण दाबताना हात हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर. मोबाइलवर असेल तर आकाशावर बोट दाबून लॉक करा आणि ब्राइटनेस खाली ओढा.

फ्लेमिंगो_वेडी:
माझं म्हणणं, सूर्य पाठीमागून येतोय तर त्याचाच फायदा घे ना. आत्ता फ्लेमिंगोंचा सीझन आहे, नेरुळला डीपीएस तलावाशी भरतीच्या वेळी जा. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी इकडे येतात, ऊन तुझ्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर, गुलाबी असा काही चमकतो की विचारू नको. फक्त भरती आणि सूर्योदय एकत्र येणारे दिवस मोजकेच. भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा टाइडचं टेबल बघूनच अलार्म लाव. १८-५५ ने पक्षी ठिपक्याएवढे येतील पण थवा आणि मागच्या बिल्डिंगी छान बसतात. आणि प्लीज चिखलात उतरू नका, फोटोसाठी पक्षी उडवू नका. २०१५ पासून खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) पण, आणि तरी काही दगड मारणारे भेटतातच, डोकं फिरतं.

शटरराव:
अजून एक, उन्हाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. मे महिन्यात लेन्सवर वाफ धरली, मी रुमालाने पुसली, पुन्हा धरली, पुन्हा पुसली, तोवर सूर्य हातभर वर. बॅग अर्धा तास आधी बाल्कनीत ठेवायची बस.

उलवे_टू_ठाणे:
येऊरवरून ठाणे छान दिसतं आणि सूर्य समोर येतो, पण नॅशनल पार्कची हद्द आहे, बिबट्या आहे, अंधारात एकटं जाऊ नका, नाक्यावर विचारूनच जा. आणि ड्रोनवाल्यांनो, आमच्याकडे एअरपोर्ट आहे, आजूबाजूला रेड झोन (परवानगीशिवाय ड्रोन बंदी), डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा बघितल्याशिवाय काही उडवू नका.

वाशीत_नवीन:
सगळ्यांना थँक्यू! आत्ता बाल्कनीत हात लांब करून अंगठा धरून बघत होते, समोरच्या काकू हात हलवून बाय करतायत. रविवारी मीठबंदर पक्कं. कोपरीकर काका, साडेसहाला चहा मिळेल का तिथे?

कोपरीकर:
टपरी सहाला उघडते. सुट्टे पैसे आण.