मदत हवी आहे: वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत मन स्थिर कसे ठेवावे?

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका गावात राहते. बारावीनंतर घरी राहून नीटची पुन्हा तयारी केली, परीक्षा दिली, निकाल लागला आणि आता राज्याच्या प्रवेशफेऱ्या सुरू आहेत. माझा क्रमांक अशा काठावर आहे, की शासकीय महाविद्यालयातील एमबीबीएसची जागा शेवटच्या फेरीपर्यंत मिळूही शकते आणि थोडक्यात हुकूही शकते. पहिल्या यादीत माझे नाव आले नाही. पुढच्या याद्यांची वाट पाहणे मला फार जड जात आहे. ज्यांनी हा काळ स्वतः किंवा घरातल्या मुलांबरोबर काढला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परीक्षेचा ताण मला नवा नाही. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा, हे सगळे वर्षभर डोक्यात होतेच. पण तेव्हा हाताला काम होते. भौतिकशास्त्राची धास्ती वाटली की गणिते घेऊन बसायचे, जीवशास्त्रात अडले की एनसीईआरटीचे तेच प्रकरण पुन्हा वाचायचे, आणि बसले की धास्ती थोडी तरी कमी व्हायची. आता गुण ठरले आहेत, पसंतीक्रम भरून झाला आहे. माझ्या पुढे असलेल्यांपैकी कोण अखिल भारतीय कोट्यातून (देशपातळीवरच्या यादीतून भरल्या जाणाऱ्या जागांतून) जागा घेऊन राज्याच्या यादीतून बाहेर पडेल, कोण आहे तीच जागा धरून बसेल, यावर माझे पुढचे सगळे ठरणार आहे आणि त्यात मला काहीच करता येत नाही.

याचा परिणाम झोपेवर झाला आहे. मध्यरात्रीनंतर जाग येते, छाती धडधडते आणि मी मोबाईल घेऊन बाहेर येते, कारण आमच्याकडे रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच मिळते. रात्री यादी लागत नाही हे कळत असूनही पावसाची झड अंगावर घेत तेच पान पुन्हा पुन्हा उघडून पाहते. कागदपत्रांचेही तसेच. पावसाळ्यात आमच्या घरात कागद लगेच सर्द होतात, म्हणून आईने अधिवासाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, गॅपचे प्रतिज्ञापत्र असे सगळे प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधून, डांबराच्या गोळ्या टाकून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे. मी ती पिशवी सोडते, प्रत्येक कागदावरचे नाव अक्षर अक्षर तपासते, पुन्हा बांधते, आणि तासाभराने वाटू लागते की बाबांच्या नावातली वेलांटी एका दाखल्यावर वेगळी होती. मग पुन्हा पेटी उघडते.

त्यात आता गणपती जवळ आले आहेत. मुंबईहून चाकरमानी येतील, घर भरेल आणि जो येईल तो मायेनेच विचारेल, "गावली काय गो सीट?" त्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मनापासून मान्य आहे. पण बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, त्यात या मुलीलाही चांगले गुण होते, मग घोडे अडले कुठे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो आणि राज्याची यादी, अखिल भारतीय यादी, फेऱ्या हे सगळे समजावून सांगता सांगता मला रडू येते.

माझी इच्छा वरवरची नाही. आमच्या भागात रुग्ण गंभीर झाला की आजही अनेकांना गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. आजीला नेले तेव्हा गाडीत तिच्या शेजारी मी होते आणि तिला नेमके काय होत आहे, हे आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते. आता ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. घरापासून इतक्या जवळ शिकता येईल, ही आशाच मनाला स्वस्थ बसू देत नाही.

हे सारखे पाहणे आणि तपासणे कसे थांबवावे? फिजिओथेरपी, बीएएमएस किंवा नर्सिंग यांचा विचार आत्ताच करावा, की त्यामुळे एमबीबीएसची आशा सोडल्यासारखे होईल? आणि डॉक्टरांना दाखवावे असा हा त्रास आहे का? रत्नागिरीला मनोरुग्णालय आहे, त्यामुळे गावात रत्नागिरीचे नाव काढले तरी लोक भलताच अर्थ काढतात, म्हणून घरी विचारण्याचे धाडस होत नाही.

प्रतिसाद – सुपारीबाग
माझी मुलगी या सगळ्यातून गेली आहे, म्हणून आईच्या नात्याने लिहिते. संकेतस्थळ पाहण्याचे काम तू स्वतःकडे ठेवूच नकोस. आमच्याकडे ते तिच्या मामाकडे दिले होते. त्याने सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहायचे, सूचना आली असेल तर फोन करायचा, नसेल तर फोनच करायचा नाही. पहिले काही दिवस ती बेचैन होती, पण मामाचा फोन आला नाही म्हणजे आज काही नाही, असे एकदा ठरल्यावर तिची निम्मी धावपळ थांबली. तुझ्याकडे रेंजची अडचण आहे, तेव्हा शहरात राहणारे एखादे विश्वासू माणूस निवड, आणि पसंतीक्रम भरायची मुदत असेल त्या दिवशी वीज गेली तरी अडणार नाही, हेही त्याच माणसाच्या मदतीने आधी ठरवून ठेव.

कागदपत्रे बाबांना बरोबर घेऊन, माहितीपुस्तिकेतली यादी समोर ठेवून एकदाच तपास. प्रत्येक कागदाचे स्कॅन करून ते फोनमध्ये आणि ईमेलमध्ये ठेव. नावात खरोखरच फरक असेल तर सेतू केंद्रात जाऊन विचारा. नसेल तर यादीच्या खाली बाबांची सही घे आणि तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटव. पुन्हा शंका आली की फक्त ती सही पाहायची, पिशवी सोडायची नाही.

गणपतीत उत्तर देण्याची जबाबदारी बाबांची. "फेऱ्या चालू आहेत, मिळाली की पेढे घेऊन आम्हीच येऊ," एवढेच त्यांनी म्हणावे, आणि ते सर्वांना ऐकू जाईल असे पहिल्याच दिवशी म्हणावे. दुसऱ्या पर्यायांचा विषय मात्र शेवटची फेरी होईपर्यंत घरात नको, असे माझे मत आहे. आधीच काळजीत असलेल्या मुलीपुढे चार वाटा ठेवल्या की ती चारही वाटांची काळजी करते.

प्रतिसाद – हर्णै_बंदर
मी दापोली तालुक्यातला, सध्या एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. काकूंचे बाकी सगळे पटले, शेवटचे पटले नाही. दुसरा पर्याय मनात नसतो तेव्हा शेवटच्या फेरीचा निकाल हा आयुष्याचा निकाल वाटू लागतो आणि खरी झोप त्यानेच उडते. शिवाय हे प्रवेश आपली वाट पाहत थांबत नाहीत. आपल्या राज्यात बीएएमएस आणि फिजिओथेरपीचे प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते आणि प्रत्येकाच्या मुदती वेगळ्या असतात. एक संध्याकाळ आई-बाबांबरोबर बस आणि कोणत्या फेरीनंतर काय करायचे, हे कागदावर लिहून काढ. पुन्हा नीट द्यायची का, याचे उत्तरही त्यातच लिहा. परीक्षेला संधींची मर्यादा नाही, पण घरातल्या माणसांची आणि आपली स्वतःची मर्यादा असते. एकदा लिहिले की तो विषय मिटवून टाका.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या गुणांशी आपले गुण ताडून पाहणे आजपासून बंद कर. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, आणि २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६. प्रश्नपत्रिका बदलली की गुणांचा अर्थच बदलतो, त्यामुळे पाहायचाच असेल तर क्रमांक पाहावा. तोही अंदाजच, कारण जागाही बदलतात: अलिबाग, ओरोस आणि रत्नागिरी येथील शासकीय महाविद्यालये २०२१ ते २०२३ या काळात सुरू झाली, त्याआधीच्या आकड्यांवरून आज काही ठरवता येणार नाही. टेलिग्रामवर "या क्रमांकाला नक्की मिळेल" असे सांगणाऱ्या गटांमधून बाहेर पड.

एक व्यवहाराची गोष्ट. एखादी जागा मिळून तू रुजू झालीस, तर घाबरून लगेच स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरू नकोस. तो भरला की पुढच्या फेऱ्यांत तुझा विचार होत नाही. या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला हा भाग बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि दोघांना पटल्यावरच सही कर.

प्रतिसाद – निवृत्त_परिचारिका
बाळ, मी मानसोपचार विभागात बरीच वर्षे काम केले आहे. मध्यरात्री क्षणभर जाग येणे हे स्वाभाविक आहे, बहुतेकांना ती येते आणि सकाळी आठवतही नाही. तुझी झोप मोडते ती जाग आल्यानंतर उठून यादी शोधण्याने, कारण मेंदूला ही वेळ पहाऱ्याची आहे अशी सवय लागते आणि तो रोज त्याच वेळी उठवतो. मोबाईल रात्री आईच्या खोलीत ठेव. जाग आली तर श्वास चार अंक मोजत घे आणि सहा अंक मोजत सोड. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते, त्यासाठी मनात श्रद्धा असण्याचीही गरज नाही. वीस मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून मंद उजेडात काहीतरी साधे काम कर, लसूण सोल, कपड्यांच्या घड्या घाल, आणि पेंग आली की परत आडवी हो. चहा दुपारनंतर नको.

काळजी करूच नकोस, असे मी म्हणणार नाही, तसे कोणालाच जमत नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेव. त्या वेळी वहीत सगळे लिही, आणि समोर दोनच खुणा कर: यात उद्या मला काही करता येईल, किंवा येणार नाही. दिवसभरात विचार आला की त्याला संध्याकाळची वेळ द्यायची. आठवडाभर केल्याशिवाय याचा गुण कळत नाही, म्हणून दोन दिवसांत सोडू नकोस.

आता दाखवण्याविषयी. छातीतली धडधड आहे, तेव्हा एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहून घे. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये रक्त कमी असल्यानेही धडधडते आणि सगळे खापर मनावर फोडले जाते. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, दिवसाची कामे होत नसतील किंवा जगणे नकोसे वाटणारा विचार एकदा जरी आला, तर वाट पाहायची नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, शासनाचा, विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीत बोलता येते. रत्नागिरीचे मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. तिथे जाणाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांच्या घरातलेच लोक आमच्याकडे उपचारांना येत आणि बरे होऊन जात. पण तुला तेवढ्या लांब जायची गरज नाही, ओरोसलाच मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून भेटता येईल.

आणि पर्यायांच्या यादीत नर्सिंग लिहिणार असशील, तर हुकलेल्या डॉक्टरकीची भरपाई म्हणून लिहू नकोस. तुझ्या आजीच्या गाडीत काय चालले आहे, हे ओळखणारे माणूस हवे होते ना? ते आम्हीही ओळखतो. एखाद्या वॉर्डात अर्धा दिवस बसून आमचे काम पाहा आणि मग तुला ते हवे आहे की नाही ते ठरव.

धागाकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. काल आई-बाबांना हा धागा वाचून दाखवला. संकेतस्थळ पाहण्याचे काम कुडाळच्या आत्याने घेतले आहे. कागदपत्रे बाबांबरोबर तपासली. वेलांटी सगळीकडे सारखीच आहे आणि यादीवर बाबांची सही झाली आहे. पर्यायांचा कागद मात्र अर्धाच लिहून झाला आहे, कारण पुन्हा नीट द्यायची की नाही यावर आमचे एकमत होत नाही: बाबा आणखी एक वर्ष द्यायला तयार आहेत, मी नाही. आरोग्य केंद्रात सोमवारी जाणार आहे. परिचारिका काकू, वॉर्डात बसून काम पाहण्यासाठी परवानगी कोणाकडे मागायची असते आणि अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, एवढे कळवाल का?