जत्रेच्या पालावर टीव्ही हवामानासाठी हवा, हे म्हणणे मला पटत नाही

जत्रेकरी (धागाकर्ते)

माघात चिंचलीची मायाक्का, त्याच सुमारास सौंदत्तीचा डोंगर, मग उन्हाळ्यात बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावोगावच्या लक्ष्मीयात्रा, असा ज्यांचा संसार टेम्पोतून फिरतो, त्या आम्हा खेळणी-बांगड्यांच्या दुकानदारांत हल्ली एक समजूत घट्ट बसली आहे. पालात टीव्ही पाहिजेच, कारण त्यावर पावसाचे कळते! दूरदर्शनच्या फ्री डिश या उपग्रह सेवेला महिन्याचे भाडे नाही, त्यामुळे बऱ्याच पालांशेजारी बांबूला बांधलेली छत्री (डिश अँटेना) दिसते. करमणुकीसाठी टीव्ही ठेवणाऱ्यांशी माझा वाद नाही. हवामानाचे निमित्त पुढे करणाऱ्यांशी आहे.

मराठी वाहिन्यांचा नकाशा कोल्हापूर-सिंधुदुर्गाशी संपतो. कन्नड वाहिनी लावावी, तर हवामान खात्याच्या हिशेबात आपण ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’ या विभागात मोडतो आणि त्याच विभागात रायचूर व कलबुर्गीही येतात. जिल्ह्यापुरता इशारा आला तरी काय साधते? आपल्या बेळगाव जिल्ह्यातच कणकुंबीला पावसाळ्यात सूर्य दिसण्याची मारामार आणि अथणीकडे पावसाची वाट बघून डोळे शिणतात. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ हे वाक्य ऐकून मी ताडपत्री आवळायची की माल मांडायचा? वळवाचा ढग एका गावावर फुटतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही.

दुपारचा उकाडा असह्य झाला, वारा एकदम पडला आणि पूर्वेकडे काळे चढू लागले, की आमच्यातली जुनी माणसे काही न बोलता आधी फुगे आणि प्लास्टिकचे चेंडू पोत्यात भरतात, मग काचेच्या बांगड्यांचे खोके टेम्पोत चढवतात आणि सगळ्यात शेवटी पालाचे दोर तपासतात. त्याच वेळी तरुण पोरे आत मालिकेचा कालचा भाग पुन्हा बघत बसलेली असतात.

निपाणीमार्गे

आपण वळवाचे दोन महिने धरून साऱ्या वर्षाचा निवाडा करून टाकला आहे. मी पुणे–बेंगळूरु महामार्गावर मालाची गाडी चालवतो आणि आषाढ-श्रावणात मला अडवणारा पाऊस बहुधा माझ्या डोक्यावर पडलेलाच नसतो. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी रस्त्यावर येते, तेव्हा ते भुदरगडच्या डोंगरातून आलेले असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हा महामार्ग पुराने बंद पडला, गाड्यांच्या रांगा लागल्या, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगा धोक्याच्या पातळीकडे चालली, ही धाब्यावरच्या टीव्हीवरची सरकती पट्टी वाचूनच आम्ही ठरवतो की गाडी संकेश्वरच्या अलीकडेच लावावी की पुढे रेटावी.

नकाशा कोल्हापूरशी संपतो, ही आपली तक्रार. मला तर कोल्हापूरचाच नकाशा हवा असतो, कारण पाणी तिकडून इकडे येते. कोयनेतून किती विसर्ग सोडला, ही बातमी चिकोडी-अथणीच्या कृष्णाकाठच्या माणसाला बेळगावच्या पावसापेक्षा अधिक कामाची असते.

छत्रीजोड

मी छत्र्या बसवण्याचे काम करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा. धागाकर्त्यांना टीव्हीवरचे हवामान नको असेल, पण टीव्ही स्वतःच हवामान सांगतो, त्याचे काय? फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे बेळगाव भागातून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि बरेच वर करावे लागते. फ्री डिशचे प्रक्षेपण केयू बँड या आखूड लहरींच्या पट्ट्यात असते आणि या लहरी दाट पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. वळवाचा ढग आग्नेयेकडून येत असेल, तर आपल्या पालावर थेंब पडण्याआधीच चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. मात्र मृगाचा पाऊस पश्चिमेकडून येतो. तेव्हा आपण आधी भिजतो आणि चित्र मागाहून जाते, म्हणून ही खूण पावसाळ्यात लावू नये. शिवाय छत्री नीट जुळवलेली असावी; बांबू हलत असेल तर नुसत्या वाऱ्यानेही चित्र जाते आणि पावसाच्या नावाने उगाच धावाधाव होते.

पालावरची

वाद घालणारे सगळे पुरुष दिसतात. आमच्या पालात टीव्ही हवामानासाठी नाही आणि मालिकांसाठीही नाही. गिऱ्हाईक सांभाळताना लहान पोरे गर्दीत जाऊ नयेत, एका जागी बसावीत, म्हणून आहे. पाऊस कधी येणार हे आम्हाला चूल सांगते. लाकूड पेटता पेटेना आणि धूर वर न जाता पालातच कोंडू लागला, की दोरीवरचे कपडे आधी काढायचे.

जत्रेकरी

निपाणीमार्गे यांनी जे सांगितले ती बातमी आहे, अंदाज नव्हे. पडलेल्या पावसाचे पाणी कुठवर आले, हे टीव्ही चांगले दाखवतो, हे कोण नाकारतो? पुराला यायला तास आणि दिवस लागतात, म्हणून तिथे बातमीला वेळ असतो. वळीव दुपारी जमतो आणि संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. हवामान खाते पुढच्या तीन तासांपुरते तात्कालिक इशारे काढते, तेच आमच्या उपयोगाचे. पण टीव्हीवर ते वेळेत ऐकू आलेले मला आठवत नाही. संध्याकाळच्या बातम्यांत इशारा यावा तोवर आमचा माल भिजून चुकलेला असतो.

छत्रीजोड यांची माहिती उद्बोधक आहे, परंतु ज्याला पावसाची खूण म्हणून चित्र जाण्याची वाट बघायची आहे, त्याने पालाबाहेर येऊन मान वर केली तर तीच खूण त्याला बरीच आधी दिसेल.

निपाणीमार्गे

दिवसा दिसेल. रात्रीच्या अंधारात मान वर करून काय दिसणार? जत्रेची गर्दी रात्रीचीच असते आणि दिव्यांच्या झगमगाटात ढग कुणाला दिसतो, हे आपणच सांगावे.

खानापूरकर

वीज या विषयाकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष झाले आहे. उघड्या माळावर लोखंडी नळीवर उभी केलेली छत्री आणि तिच्यापासून पालात आलेली तार वळवाच्या दिवसांत धोक्याची असते. आभाळ भरून आले की गडगडाटाआधीच तार टीव्ही संचातून काढावी, ढग गडगडू लागल्यावर तारेला किंवा नळीला हात लावू नये आणि शक्य असेल तर टेम्पोच्या बंद केबिनमध्ये जाऊन बसावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडते आहे का, ते दाखवते. रात्रीच्या अंधाराची अडचण त्याने बरीचशी सुटते, मग टीव्ही असो वा नसो.

तालुक्याच्या खालचा अंदाज हवा असेल, तर कर्नाटकाच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राकडे ग्रामपंचायतींच्या पातळीवर पर्जन्यमापके आहेत आणि ‘वरुणमित्र’ ही त्यांची दूरध्वनी सेवा दिवसरात्र चालू असते. जत्रेत गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये घासाघीस करणाऱ्या आपल्या माणसांना तिथे गावाचे नाव सांगून पावसाचे विचारायला अडचण पडू नये. जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या वाटेवर मात्र फोनला रेंजच मिळत नाही, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी चौकशी खानापुरातच उरकून घ्यावी.