मदत हवी आहे: स्नॅपड्रॅगनवाला हलका लॅपटॉप आणि टाइपसेटिंगचा जुना डोंगल

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला घरूनच डीटीपी करते. पुस्तकं, स्मरणिका, लग्नसराईत पत्रिका. मावसभावाचं कॉलेज रोडला कॉम्प्युटरचं दुकान आहे. "ताई, जमला तर ठेव, नाहीतर आणून दे" या बोलीवर त्याने डेमोचा एक लॅपटॉप वापरायला दिलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा प्रश्न आतल्या चिपबद्दल आहे. इंटेल-एएमडीऐवजी यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन एक्स आहे, म्हणजे मोबाइलमध्ये असते त्या एआरएम जातीची. वर नेहमीचंच विंडोज 11, रॅम 16 जीबी.

आधी आवडलं ते सांगते. वजन! माझ्या जुन्या लॅपटॉपचा चार्जरच विटेएवढा आहे. हा डेमोचा लॅपटॉप पिशवीत आहे की घरी राहिला, म्हणून मी नाशिक रोड स्टेशनवर पिशवी उघडून पाहिली. प्रुफं घेऊन दादरला जायचं तर मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरते. गाडीत मांडीवर ठेवून काम केलं, पण चटका नाही आणि पंख्याची घरघरही नाही. चार्जर घरीच ठेवला होता. रात्री परत आले तेव्हाही बॅटरी बऱ्यापैकी शिल्लक होती. झाकण उघडलं की मोबाइलसारखा लगेच जागा होतो. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांच्या एआरएमसाठीच्या आवृत्त्या मिळाल्या, त्या सुरेख चालतात. मराठी टंकायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड तर विंडोजमध्येच आहे.

कुरबुर एकच: उजवीकडच्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं बटण बसवलंय. ते कोणी मागितलं होतं कोण जाणे.

आता अडचण. माझ्याकडचं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि यूएसबीचा डोंगल (सॉफ्टवेअरच्या कुलपाची किल्ली म्हणून मिळणारी छोटी कांडी) लावल्याशिवाय काम करत नाही. इथे ते इन्स्टॉल झालं, उघडलंही, पण "लॉक सापडत नाही" म्हणतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलपुढे पिवळा त्रिकोण. वाचून समजलं ते असं, की इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज 'प्रिझम' नावाच्या दुभाष्याकरवी चालवतं, पण ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ही सोय नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवर तसा ड्रायव्हर दिसला नाही.

सगळी जुनी पुस्तकं त्याच फॉन्टात आहेत, युनिकोड ही आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत यायच्या आधीची. प्रकाशक दुसरी आवृत्ती काढतात तेव्हा तीच फाइल उघडावी लागते. तर:

या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा आभासी कॉम्प्युटर) टाकून त्यात जुनं विंडोज चालवलं, तर डोंगल ओळखला जाईल का? नसेल तर दुसरी काही वाट आहे का? यूएसबीवरचा जुना लेझर प्रिंटरही अडेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १ (बायोसबाबा)

व्हर्च्युअल मशीनचा नाद सोडा. एआरएम मशीनवरच्या हायपर-व्हीत (विंडोजची व्हर्च्युअल मशीनची सोय) एआरएमचंच विंडोज चालतं, म्हणजे तोच ड्रायव्हरचा प्रश्न पुन्हा आत जाऊन बसतो.

प्रिंटरचं मॉडेल पाहावं लागेल. नेटवर्कवरचे नवे प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर निभावतात. कंपनीच्या खास ड्रायव्हरशिवाय हलत नाहीत असे जुने मात्र अडतात.

एक तपासून पाहा. टास्क मॅनेजरमध्ये डीटेल्सवर जा, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून आर्किटेक्चरचा कॉलम चालू करा. कुठला प्रोग्रॅम थेट एआरएमवर चालतोय आणि कुठला दुभाष्याकडून, ते समोर दिसेल. दुभाष्याकडून चालणाऱ्यांना थोडा जास्त वेळ आणि बॅटरी लागते. तरी 2012 च्या विंडोज आरटीपेक्षा आजची स्थिती खूपच बरी म्हणायची. त्यावर जुने प्रोग्रॅम इन्स्टॉलच होत नसत.

प्रतिसाद २ (सातपूरकर)

ताई, डोंगल घरच्या डेस्कटॉपलाच राहू द्या आणि लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरा. डेस्कटॉपवर विंडोज प्रो हवं, होम चालणार नाही. काही डोंगल रिमोट सेशन ओळखून काम नाकारतात. तसं झालं तर स्क्रीन शेअर करणारं एखादं अ‍ॅप वापरून बघा.

धागाकर्ती

@सातपूरकर, डेस्कटॉपवर प्रोच आहे. काल रात्री घरातल्या वायफायवर करून पाहिलं. डोंगलने कुरकुर केली नाही, फाइल उघडली, छान. पण माझं खरं काम गाडीत होतं, आणि इगतपुरी सोडून कसारा घाटात शिरलं की नेटवर्क बोगद्यागणिक जातं. दादरला प्रकाशकाच्या टेबलावर बसून दुरुस्त्या करायच्या तेव्हा चालेल, प्रवासात नाही. आणि मी बाहेर असताना घरची वीज गेली तर? इन्व्हर्टरवर डेस्कटॉप किती वेळ तग धरणार!

@बायोसबाबा, कॉलम पाहिला. टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर तर अजून 32 बिटांतच आहे.

प्रतिसाद ३ (काटकसर)

तुम्हाला हलका लॅपटॉप हवाय की एआरएमचाच हवाय? हलका एवढंच हवं असेल तर इंटेलच्या कोअर अल्ट्रा 200 व्ही मालिकेतले बघा. 2024 च्या सप्टेंबरात आलेली ही चिप बॅटरी पुरवून वापरण्यासाठीच केलेली आहे आणि इंटेलसाठी लिहिलेले जुने ड्रायव्हर तिच्यावर चालतात. तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज 11 वर चालतो एवढं मात्र आधी पाहा. रॅम चिपच्याच पॅकेजमध्ये असते, नंतर वाढवता येत नाही. 16 की 32 ते घेतानाच ठरवा. भावाच्या दुकानात असा पीस असेल तर डोंगल घेऊनच जा आणि काउंटरवर लावून बघा.

धागाकर्ती

@काटकसर, घरचा डेस्कटॉप विंडोज 11 चाच आहे, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. भावाला फोन केला. तसा पीस शनिवारी येतोय म्हणाला. डोंगल आणि एक चारशे पानी पुस्तकाची फाइल घेऊन जाते. तो जमला तर हा परत, मन होत नसलं तरी.

दरम्यान नवी कामं युनिकोडमध्येच करायची असं ठरवलंय. जुन्या फाइली बदलण्यासाठी कन्व्हर्टर शोधतेय. साधा मजकूर नीट येतो, पण 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला र बिघडतो आणि तळटीपांचे आकडे भलतीकडेच जातात. तळटीपा सांभाळणारा कन्व्हर्टर कोणी वापरला असेल तर इथेच नाव टाका, विकतचा असला तरी चालेल.