अनुभव धागा: जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, शेवटी काय निघालं?

मंडळी, गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढात इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी २०११ची पेट्रोल, १ लाख ३० हजार किमी झालेली, पण चालायला व्यवस्थित, ना झटका ना धूर, म्हणून तशीच पुढे नेली. परत आल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ते म्हणाले ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय. बदलला, साडेचार हजार दिले, आणि तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर.

मग सोसायटीतल्या एका काकांनी त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. मिस्त्री म्हणाले गाडी रात्रभर इथंच राहू दे, सकाळी थंड इंजिनवर बघू. सकाळी स्टार्ट केल्यावर बारीक टिक टिक टिक आवाज येत होता, दोन-तीन मिनिटांत इंजिन गरम झालं की गायब. त्यांनी पोराला सायलेन्सरच्या तोंडाशी ओला फडका दाबून धरायला सांगितलं आणि मला बॉनेटपाशी बोलावलं. धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटशेजारी नखाएवढा काजळीचा डाग होता आणि फडका दाबला की तिथून फुस फुस करून धूर येत होता. त्याच फटीतून अधूनमधून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा लागते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग कॉम्प्युटर उगाच जास्त पेट्रोल सोडत बसतो. जुना सेन्सर चांगलाच होता, तो आम्ही फेकून दिला होता याचं फार वाईट वाटलं. गॅस्केट आणि मजुरी मिळून ९०० रुपये लागले आणि अॅव्हरेजही पूर्वीसारखा झाला.

कोड फक्त कुठं बघायचं ते सांगतो, काय बिघडलंय ते माणसालाच शोधावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. तुमचे अनुभव लिहा, कोड काय होता आणि खरं कारण काय निघालं. खासकरून जिथं दोन्हींचा मेळ बसला नाही ते लिहाच.

*

कोल्हापूरकडून. आमची गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये असते, पावसाळ्यात आठवडा-आठवडा हलत नाही. मागच्या सप्टेंबरात काढली तर दिवा. भाच्याकडं ब्लूटूथचा डोंगल आहे, मोबाइलवर कोड दाखवणारा, स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं त्यात लावला, पी०११३ आला, हवेच्या तापमानाचा सेन्सर. भाचा म्हणाला मामा थांबा, पार्ट मागवायच्या आधी चालू रीडिंग बघू. आत जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवत होतं उणे ४०! कोल्हापुरात! वायर तुटली की कॉम्प्युटर असाच आकडा धरतो म्हणे. बॉनेट उघडून टॉर्च मारली तर एअर फिल्टरच्या डब्यामागं वैरणीचा चुरा नि चिंध्या गोळा करून उंदरानं घरटं केलेलं आणि कपलरपासून (वायर जोडायच्या सॉकेटपासून) चार बोटांवर वायर कुरतडलेली, आतलं तांबं चकाकत होतं. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, दिवा गेला. आता गाडी उभी राहणार असली की बॉनेट उघडंच ठेवतो, अंधार-ऊब मिळाली नाही तर उंदीर थांबत नाही.

*

ठाण्यातून लिहितोय. माझा अनुभव चांगला नाही पण लिहितो, दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान वाचेल. सीएनजी लावलेली २०१२ची सेडान. घोडबंदर रोडला गाडी मिसिंग मारायला लागली आणि दिवा नुसता लागला नाही तर उघडझाप करायला लागला. मला तेव्हा फरक माहीत नव्हता, ट्रॅफिक होतं, घर १० किमीवर, तशीच रेटली. दिवा स्थिर असेल तर दोन दिवसात दाखवली तरी चालतं बहुतेक वेळा, पण उघडझाप म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेलं इंधन पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जाऊन तिथं जळतंय, तेव्हा गाडी बाजूलाच घ्यायची. घरी पोचलो तेव्हा गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येत होता.

कोड पी०३०३, तीन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. मेकॅनिकनं तीन नंबरची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला, कोड पुसून चक्कर मारली, आता आला पी०३०१. बिघाड कॉइलबरोबर सरकला म्हणजे कॉइलच गेली, एक रुपया खर्च न करता कळलं. सीएनजीला ठिणगी पेट्रोलपेक्षा जोरात लागते त्यामुळे प्लग थकले की कॉइलवर ताण येतो, आणि मी प्लग ४० हजार किमी बघितलेच नव्हते. कॉइल स्वस्तात झाली. कन्व्हर्टर आतून वितळला होता, त्याचा आकडा लिहीत नाही.

*

नागपूर. मी सेकंडहँड गाडी बघत होते तेव्हाचं. सगळे फक्त विचारतात की दिवा लागलाय का, पण चावी ऑन केल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी तो दिवा लागलाच पाहिजे, मग स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. मी बघितलेल्या एका गाडीत बॅटरी, ऑइल, एअरबॅग सगळे दिवे लागले, इंजिनचा लागलाच नाही. बल्ब काढून ठेवला असणार. मी तिथूनच परत फिरले. दुसऱ्या गाडीत डोंगल लावला तर कोड एकही नाही पण गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या सगळ्या तपासण्या 'नॉट रेडी', म्हणजे नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी काढून लावलेली. मालकाला म्हटलं चार दिवस रोजच्यासारखी चालवा, मग येते. त्यांचा फोन आला नाही.

*

गोवा, म्हापसा. आमच्या बाबांची जुनी मारुती, ओबीडीचं (स्कॅनर लावायचं ते १६ पिनांचं) सॉकेट येण्याच्या आधीची. तिला स्कॅनरची गरज नाही, डायग्नोसिसच्या कपलरमध्ये वायरचा तुकडा जोडायचा आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा, थांबून दोनदा, म्हणजे १२, सगळं ठीक. बाबा मोजायचे आणि मी वहीत लिहायचो. एकदा १४ आला, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. कपलर उघडला तर आत हिरवा गंज, समुद्राची हवा. घासून साफ केला, परत मोजलं, १२. बाबा आता नाहीत, गाडी आहे, वही पण आहे.

*

नाशिक. डिझेल, कसारा घाटात पिकअप एकदम पडला, दिवा लागला, दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जाईना. पी०२९९, टर्बोचा दाब कमी. एकानं सरळ टर्बो बदला सांगितलं, ऐकूनच पोटात गोळा आला. इगतपुरीच्या पोराने टर्बोच्या पाइपवरून हात फिरवला, खालच्या बाजूला हात तेलकट झाला, तिथंच बोटभर चीर. सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली, वरून क्लॅम्प, नाशिकला पोचलो. दुसऱ्या दिवशी नवा पाइप.

*

न्यू जर्सीतून. इथं दिवा लागलेला असला तर गाडी इन्स्पेक्शनमध्ये नापास होते. माझी २००६ची, कोड पी०४५५, पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती. टाकीच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलं होतं, नवं झाकण १५ डॉलर. पण घाईत कोड पुसून लगेच नेऊ नका, नागपूरच्या ताईंनी लिहिलंय तेच 'नॉट रेडी' दिसतं आणि परत पाठवतात. मी आठवडाभर गाडी चालवली, मग नेली, पास.

*

सोलापूर. माझं अजून सुटलेलं नाही. २०१०ची पेट्रोल, पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही, दोन गॅरेजवाल्यांनी बघताक्षणी कन्व्हर्टर बदला सांगितलं. मिसिंग नाही, पिकअप चांगला. पण पहिला अनुभव वाचून आठवलं की सकाळी माझ्याही गाडीत असाच टिक टिक आवाज येतो, मी तो टॅपेटचा समजत होतो. आज रात्री गाडी उभी ठेवतो, उद्या सकाळी थंड इंजिनवर ओल्या फडक्यानं बघतो. कन्व्हर्टरच्या आधी-नंतर, दोन्ही सेन्सरपाशी कुठं काळं झालंय का ते पण बघेन. काय निघतं ते इथंच लिहितो.